सहाव्या जागेवरचे व्हॅलीन

चोपडा, यावल, शिरपूरकडच्या सातपुड्यात, पावरा आणि भिल्ल वस्त्यांत, 'सिकलसेल' हा शब्द ओळखीचा झाला आहे. आजार रक्तात नेमका कुठे घडतो, हे मात्र क्वचितच सांगितले जाते.

हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत १४६ अमिनो आम्ले असतात. त्यांतल्या सहाव्या जागेवरचे ग्लुटामिक आम्ल जाऊन तिथे व्हॅलीन येते, बदल एवढाच. प्रथिनात कोण कोणाला टेकले आहे हे अणूंमधल्या अंतरावरून ठरवतात. साधारण ४ ते ४.५ अँगस्ट्रॉमच्या आत असले की स्पर्श धरायचा.

सिकल हिमोग्लोबिनची १९९७ साली प्रसिद्ध झालेली रचना प्रथिनांच्या सार्वजनिक संग्रहातून घेऊन मी जळगावात, घरच्या संगणकावर, एका रेणूतले स्पर्श मोजले आणि फसलो. सहावी जागा पृष्ठभागावर. व्हॅलीन तिथे जवळजवळ एकटेच. दोष दिसेचना! मग शेजारचा रेणू हिशेबात धरला. व्हॅलीन त्याच्या ८५व्या फेनिलॲलॅनिन आणि ८८व्या ल्युसीनपाशी, खळग्यात बसलेले. पाण्यात तेलाचे थेंब एकमेकांना बिलगतात, तसे. हिमोग्लोबिनने ऑक्सिजन सोडला की हा खळगा नीट जुळतो. रेणूला रेणू लागून दोर वळला जातो आणि तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते.

गर्भातल्या हिमोग्लोबिनमध्ये बीटाऐवजी गॅमा साखळी असते. तिच्या ८७व्या जागी थ्रिओनीन नसून ग्लुटामिन, त्यामुळे हा स्पर्श जमत नाही. म्हणूनच सिकलसेलचे बाळ पहिले काही महिने ठणठणीत दिसते. हायड्रॉक्सियुरिया हे औषधही मुख्यतः हेच गर्भातले हिमोग्लोबिन वाढवून उपयोगी पडते.