रंगीत खापरांची साक्ष

वऱ्हाडात पुष्कळ गावांच्या शिवारात पांढऱ्या मातीचे एखादे जुने टेकाड आढळते. पावसाळ्यात त्याच्या उतारावरून ओघळ वाहिले, की मातीत दडलेली खापरे उघडी पडतात. मुले ती वेचतात, लगोरी खेळतात आणि टाकून देतात. पुरातत्त्वज्ञ मात्र तीच खापरे जपून ठेवतो. कारण ज्या लोकांना लिहिता येत नव्हते, त्यांची हकीकत त्याला खापरांवरूनच समजते.

अमरावती जिल्ह्यातील चांदूर बाजार तालुक्यात तुळजापूर गढी नावाचे असेच एक स्थळ आहे. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याने १९८४-८५ साली तेथे उत्खनन केले, तेव्हा ताम्रपाषाण युगातील शेतकऱ्यांची वस्ती उजेडात आली. हे लोक दगडाची व थोडी तांब्याची हत्यारे वापरीत. त्यांच्या भांड्यांत ‘जोर्वे’ पद्धतीची रंगीत भांडीही सापडली.

जोर्वे हे संगमनेर तालुक्यातील प्रवरा नदीकाठचे गाव होय. १९५०-५१ साली डॉ. सांकलिया व डॉ. देव यांनी तेथे उत्खनन केले आणि या भांड्यांना त्या गावाचे नाव मिळाले. इ. स. पूर्वी १४०० ते १००० या काळात ती विशेष प्रचारात होती.

ही भांडी घडविण्यासाठी कुंभार माती बारीक करून घेई व चाकावर भांडे उतरवी. त्यावर तांबड्या मातीचा पातळ लेप देऊन तो काळ्या रंगाने समांतर रेषा, त्रिकोण व जाळीदार चौकोन काढी. मग भांडे आव्यात भाजले जाई. ते इतके पक्के होई, की टिचकी मारताच धातूसारखा नाद निघे. लांब नळीच्या तोटीचे भांडे आणि कंगोरेदार वाडगा हे या कुंभारांचे आवडते घाट होते.

जोर्वे आणि तुळजापूर गढी यांमध्ये सुमारे ४०० किलोमीटरांचे अंतर आहे. तरीही दोन्हीकडे एकाच धाटणीची भांडी मिळतात. यावरून त्या काळीही दूरदूरच्या वस्त्यांत दळणवळण होते, हे उघड होते.

खापरे सुखाप्रमाणे दुःखाचीही साक्ष देतात. पुणे जिल्ह्यातील इनामगाव येथे इ. स. पूर्वी १००० नंतरची भांडी ओबडधोबड होत गेलेली दिसतात. प्रशस्त चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या. पाऊसमान घटल्यामुळे लोकांना ही विपन्नावस्था आली असावी, असे संशोधकांनी म्हटले आहे.

दूर दक्षिण अमेरिकेतील पेरू देशात, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी, नाझ्का नावाचे लोक वाळवंटात राहत. त्यांना कुंभाराचे चाक ठाऊक नव्हते, लिपीही नव्हती. हातांनी घडविलेल्या भांड्यांवर ते अनेक रंगांत पक्षी, मासे व फळे रंगवीत. आज त्यांचे जीवन आपल्याला समजते, ते बहुतांशी या चित्रांमुळेच.

मुलांनो, टेकाडात खालचा थर जुना व वरचा नवा असतो. कोणते खापर कोणत्या थरात होते, यावरून त्याचा काळ ठरतो. घर लिंपण्यासाठी किंवा शेतात टाकण्यासाठी माती खणून नेली, की थर मोडतात. मग खापर हाती राहते, पण त्याची साक्ष नाहीशी होते. म्हणून असे टेकाड दिसल्यास ते उकरू नका. नक्षीचे खापर आढळले, तर ते होते तेथेच राहू द्या व आपल्या गुरुजींना सांगा. पूर्वजांचा हा ठेवा राखणे तुमच्याही हाती आहे.