होडी काठावर घेताना: आधी हलकी करा, मगच उचला



मध्य प्रदेशात 16 जून ते 15 ऑगस्ट मासेमारी बंद, कोकण किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै. होड्या वर घ्यायचे, डागडुजीचे हेच दिवस. पाण्यात एका हाताने ढकलली जाणारी होडी जमिनीवर मात्र माणसाचा पाय चिरडू शकते. म्हणून एवढं पाळा.

1) जागा आधी ठरवा. भोपाळचा बडा तलाव पूर्ण भरला की पातळी 1666.80 फुटांवर जाते. जूनमधला कोरडा काठ ऑगस्टमध्ये पाण्याखाली असतो. होडी त्या रेषेच्या वरच ठेवा.

2) होडी रिकामी करा. जाळी, नांगर, डिझेल, मशीन सगळं उतरवा. तळातलं पाणी उपसा. 4 मीटर लांब, 1 मीटर रुंद तळात फक्त 10 सेंटीमीटर पाणी असलं तरी ते 400 किलो भरतं! शिवाय होडी कलली की ते सगळं एका बाजूला धावतं.

3) ओढताना लाकडी रूळ वापरा. आवाज एकाच माणसाने द्यायचा. उतारावर होडीच्या खालच्या बाजूला कुणी उभं राहू नये. ताणलेल्या दोराच्या रेषेतही नको. तुटला तर चाबकासारखा बसतो.

4) क्रेन असेल तर रुंद पट्टे दोन ठिकाणी लावा. कडेला गोणपाट घाला. पट्टे जेवढे आडवे पसरतील, तेवढा ताण वाढतो. जमिनीशी 30 अंशांचा कोन झाला तर प्रत्येक पट्ट्यावर जवळपास होडीच्या पूर्ण वजनाएवढा ताण येतो. कोन 60 अंशांच्या वर ठेवा. आधी वीतभर उचला, तोल बघा, मग पुढे. वर विजेच्या तारा आहेत का, तेही बघा. लटकत्या होडीखाली कुणीही जायचं नाही.

5) ट्रॉलीवर भार तळाच्या मधल्या कण्यावर येऊ द्या, दोन्ही बाजूंना फक्त टेकू. फायबरच्या होडीला एकाच टोकावर भार आला तर तडा जातो. पुढून-मागून आडवेतिडवे दोर बांधा. थोडं अंतर गेल्यावर थांबून दोर पुन्हा आवळा. बाहेर आलेल्या टोकाला दिवसा लाल फडका, रात्री लाल दिवा.

6) ठेवल्यावर नाळ थोडी वर ठेवा, बूच काढा, म्हणजे पावसाचं पाणी निघून जाईल. बूच मात्र होडीलाच बांधून ठेवा. पाण्यात उतरवताना ते आधी लावायचं!

आणि पोरांना टेकूंजवळ खेळू देऊ नका. टेकू सरकायला एक धक्का पुरतो.

आपल्या गटात ही माहिती जरूर पाठवा.