कातळावरची सावजे

बारडोलीच्या काळ्या जमिनीत नांगराचा फाळ सहज रुततो. रत्नागिरी-राजापूरच्या सड्यावर मात्र मैलोगणती उघडा जांभा पसरलेला असतो. वैशाखात तर त्याला वाळवंटच म्हणावे. त्या भूमीला आपण नापीक म्हणून नावे ठेवतो; परंतु आदिमानवाने कोरलेली चित्रे तिनेच जपली.

राजापूर तालुक्यातील कशेळीचा हत्ती सुमारे १८ मीटर लांब आहे, आणि त्याच्या देहात इतर प्राण्यांच्या कितीतरी लहान आकृती कोरलेल्या आहेत. त्याच्या पाठीवर उभे राहिले तर तो दिसतच नाही! बारसूला दोन वाघांमध्ये एक मनुष्य उभा आहे. अन्यत्र गेंडाही आढळतो. आज कोकणात गेंडा नाही. पण ऐकीव प्राण्याची इतकी जिवंत रेघ उमटेल, हे आम्हांस पटत नाही.

ह्या चित्रांचा शोध सुधीर रिसबूड, धनंजय मराठे व त्यांच्या सहकाऱ्यांनी गावोगाव हिंडून लावला. वाट दाखवली ती बहुधा गुराख्यांनी. आफ्रिकेतील नामिबियाच्या वाळवंटातही असेच घडले. तेथील खडकांवर जनावरांचे माग कोरलेले आहेत. विद्वानांनी सान जमातीच्या मागकाढ्यांस तेथे नेले, तेव्हा ह्या अनुभवी लोकांनी पाचशेहून अधिक कोरीव ठसे पाहून जनावर कोणते, नर की मादी, लहान की मोठे, हे बहुतेक ठिकाणी सांगितले. ही हकीकत २०२३ साली प्रसिद्ध झाली. शाळेची पायरी न चढलेल्या माणसाकडे कोणती विद्या असते, हे आम्हां पुस्तकी लोकांस उशिराच कळते.

२०२२ मध्ये कोकण व गोव्यातील ही कातळशिल्पे युनेस्कोच्या संभाव्य वारसायादीत गेली. तथापि सडा बहुतांशी खाजगी मालकीचा, आणि चिरेखाणीचे यंत्र चित्र ओळखत नाही. आपली घरे व देवळेही ह्याच चिऱ्यांनी उभी राहिली, तेव्हा खाणवाल्यासच दोष देऊन कसे चालेल? उक्षीच्या ग्रामस्थांनी आपल्या हत्तीभोवती दगडी कुंपण घातले आहे. ज्यांचा सडा कोकणात आहे, त्यांनी तो खाणीस देण्यापूर्वी एकदा झाडून पाहावा. तोही सकाळी किंवा दिवस कलल्यावर, कारण तिरप्या उन्हातच रेघ उठते. भर दुपारी नुसता दगड दिसतो.