पाठीवर घर घेतलेली पिकअप आणि मागचा स्वे बार

नोव्हेंबरच्या मध्यावर कुवेतमध्ये वाळवंटी मुक्कामांचा हंगाम सुरू होतो आणि मार्चच्या मध्यापर्यंत चालतो. साल्मी रस्त्यावर किंवा जाबेर पुलावरून सुबियाकडे जाताना तुम्हाला पाठीवर अख्खी खोली चढवलेली एखादी पिकअप दिसेल. हा कॅम्पर. वळणावर आणि आडव्या वाऱ्यात अशी गाडी कशी डोलते, ते नीट पाहा. गावाकडे कडब्याने उंच भरलेली बैलगाडी पाहिली असेल, तर हे डोलणं तुमच्या ओळखीचं आहे.

कारण आहे गुरुत्वमध्य. समजा पिकअप २५०० किलोची आहे आणि तिचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ०.७ मीटरवर आहे. १००० किलोच्या कॅम्परचा आहे १.७ मीटरवर. दोन्ही मिळून तो जवळपास १ मीटरवर जातो. वळताना गाडीला बाहेर ढकलणारा जोर याच उंचीवरून काम करतो. तरफ लांबली की तेवढाच जोर जास्त कलवतो. बाहेरच्या बाजूचे कमानपाटे दबतात, आतले सैल होतात आणि गाडी झुकते.

इथे स्वे बार उपयोगी पडतो. गॅरेजमध्ये त्याला स्टॅबिलायझर म्हणतात. ही स्प्रिंगच्या पोलादाची, इंग्रजी यू आकाराची दांडी. मधला भाग रबरी बुशांमधून एक्सलला धरलेला, दोन्ही टोकं लिंकने चासीला जोडलेली. गतिरोधकावर दोन्ही चाकं एकत्र उचलली, तर दांडी नुसती फिरते, विरोध करत नाही. गाडी एका बाजूला झुकली की मात्र तिला पीळ पडतो आणि तो पीळ गाडीला सरळ करू पाहतो. म्हणून सरळ रस्त्यावरचा आराम फारसा न घालवता ती डोलणं कमी करते. या कल्पनेचं पेटंट कॅनडातल्या स्टीफन कोलमन यांना १९१९ साली मिळालं.

दांडीची जाडी निवडताना एक गणित लक्षात ठेवा. पिळाला होणारा विरोध व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. २५ मिलिमीटरऐवजी ३० मिलिमीटरची दांडी घेतली, तर जाडी २० टक्क्यांनी वाढते, पण ताठपणा दुपटीहून थोडा जास्त होतो.

आता महत्त्वाची गोष्ट. झुकणं कमी झालं म्हणजे कलंडण्याचा धोका गेला, असं नाही. वरच्याच गाडीच्या दोन चाकांतलं अंतर १.७ मीटर धरा. ४० मीटर त्रिज्येच्या वळणावर रिकामी गाडी कलंडण्याची कागदावरची मर्यादा ताशी ७९ किलोमीटर येते. कॅम्परसह ती ६६ वर उतरते. प्रत्यक्षात झुकण्यामुळे ती आणखी खाली असते. दांडी हे झुकणं आवरते, पण गुरुत्वमध्य खाली आणत नाही. उलट गाडी स्थिर वाटू लागते आणि पाय ॲक्सिलरेटरवर जड होतो. धोका तिथे आहे.

दांडीने वजन वाहण्याची क्षमताही वाढत नाही. कॅम्पर, पाणी आणि माणसं धरून कंपनीने दिलेली वजनाची मर्यादा पाळायलाच हवी. शिवाय मागची दांडी ताठ केली की वळणावर मागच्या बाहेरच्या चाकावर जास्त भार येतो. कॅम्पर उतरवलेली हलकी गाडी हिवाळ्यातल्या पहिल्या पावसात, धूळ आणि तेलाने निसरड्या झालेल्या रस्त्यावर मागून घसरू शकते.

बसवताना काय पाहाल? गाडी चाकांवर उभी असताना, नेहमीच्या उंचीवर, बोल्ट शेवटचे आवळा. जॅकवर लटकत्या एक्सलवर आवळले, तर बुश कायमचे पिळलेले राहू शकतात. दोन्ही बाजूंच्या लिंक सारख्या आणि शक्यतो उभ्या असाव्यात. एक्सल पूर्ण वरखाली झाला तरी ब्रेकच्या नळीला किंवा सायलेन्सरला दांडी घासता कामा नये. काही दिवस चालवल्यावर बोल्ट पुन्हा तपासा. गाडीत असा बदल चालतो का, याची वाहतूक खात्याकडे आधी चौकशी करा.

खडबडीत वाळूत दांडी अडथळा ठरते. एक चाक खड्ड्यात गेलं की दांडी त्याला खाली जाऊ देत नाही आणि पकड सुटते. म्हणून काही जण सहज सुटणाऱ्या लिंक लावतात. त्या सोडल्यात, तर डांबरी रस्त्यावर येण्याआधी पुन्हा जोडा आणि वाळूसाठी कमी केलेली टायरची हवा भरून घ्या. मऊ टायरचं डोलणं कोणतीही दांडी थांबवू शकत नाही.