परत न ठेवता केलेली निवड

परत न ठेवता केलेली निवड ही संभाव्यताशास्त्रातील एक संकल्पना आहे. एखाद्या संग्रहातून यदृच्छया एकेक वस्तू काढली जाते आणि ती पुन्हा संग्रहात टाकली जात नाही, तेव्हा अशी निवड होते. प्रत्येक खेपेस उरलेल्या वस्तूंची संख्या व प्रमाण बदलत असल्याने यातील घटना परस्परांवर अवलंबून असतात. वस्तू परत ठेवल्यास मात्र प्रत्येक निवड स्वतंत्र ठरते.

गणनाची रीत

५२ पत्त्यांच्या कॅटमधून लागोपाठ दोन एक्के येण्याची संभाव्यता काढायची आहे असे समजू. पहिला पत्ता एक्का असण्याची संभाव्यता ४/५२ आहे. तो बाजूला ठेवल्यावर ५१ पत्त्यांत ३ एक्के उरतात, म्हणून दुसऱ्या एक्क्याची सशर्त संभाव्यता ३/५१ होते. गुणाकार १/२२१ येतो. पहिला पत्ता परत ठेवून कॅट पिसला असता, तर हेच उत्तर १/१६९ आले असते.

येथे एक गैरसमज वारंवार आढळतो. पहिला पत्ता कोणता हे पाहिलेच नसेल, तर दुसरा पत्ता एक्का असण्याची संभाव्यता बदलत नाही. पहिला एक्का असणे व नसणे या दोन्ही शक्यता धरल्यास (४/५२ × ३/५१) + (४८/५२ × ४/५१) = १/१३ मिळते, म्हणजेच ४/५२. सोडतीत सर्वांनी एकेकच चिठ्ठी उचलायची असेल, तर आधी उचलणाऱ्याला कोणताही लाभ नसतो तो यामुळेच.

हायगेन्स यांचा प्रश्न

डच शास्त्रज्ञ क्रिस्टियान हायगेन्स यांनी १६५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथिकेच्या अखेरीस वाचकांसाठी पाच प्रश्न दिले होते. त्यांपैकी दुसऱ्यात ४ पांढऱ्या व ८ काळ्या अशा १२ सोंगट्या आहेत. अ, ब आणि क हे खेळाडू याच क्रमाने, न पाहता, एकेक सोंगटी काढतात. प्रथम पांढरी सोंगटी काढणारा जिंकतो. काळी सोंगटी परत ठेवायची की नाही, हे प्रश्नात स्पष्ट नव्हते. हायगेन्स यांना परत ठेवणे अभिप्रेत होते. त्यानुसार तिघांच्या संधींचे गुणोत्तर ९:६:४ येते. योहानेस हुडे यांनी परत न ठेवण्याचा अर्थ घेतला आणि त्यांचे उत्तर वेगळे आले. १६६५ मध्ये दोघांत यावर पत्रव्यवहार झाला. 

हुडे यांच्या अर्थाने अ हा पहिल्या, चौथ्या किंवा सातव्या खेपेस जिंकू शकतो. पहिल्या खेपेची संभाव्यता ४/१२, म्हणजे १६५/४९५. चौथ्या खेपेसाठी आधीच्या तिन्ही सोंगट्या काळ्या हव्यात: ८/१२ × ७/११ × ६/१० × ४/९ = ५६/४९५. सातव्या खेपेसाठी याच रीतीने १०/४९५ मिळते. बेरीज २३१/४९५ होते. ब साठी १५९/४९५ व क साठी १०५/४९५ येते. म्हणून गुणोत्तर ७७:५३:३५. काळ्या सोंगट्या आठच असल्याने नवव्या खेपेपर्यंत निकाल लागतोच. परत ठेवण्याच्या खेळाला अशी मर्यादा नाही. अ ची संधी पहिल्या अर्थाने सुमारे ४७.४ टक्के, तर दुसऱ्या अर्थाने ४६.७ टक्के आहे.

याकोब बर्नोली यांच्या मृत्यूनंतर १७१३ मध्ये प्रकाशित झालेल्या ‘आर्स कोंजेक्टांडी’ या ग्रंथात प्रत्येक खेळाडूकडे स्वतःच्या १२ सोंगट्या असल्याचा तिसरा अर्थही विचारात घेतला आहे.

मोठे संग्रह

संग्रह नमुन्याच्या तुलनेने फार मोठा असल्यास हा भेद नगण्य होतो. १०,००० वस्तूंपैकी निम्म्या पांढऱ्या असतील, तर दोन्ही पांढऱ्या निघण्याची संभाव्यता परत ठेवल्यास ०.२५, न ठेवल्यास सुमारे ०.२४९९७ असते. लहान संग्रहात मात्र हायपरजॉमेट्रिक वितरणच वापरावे लागते.