चीजच्या पोटातला फोटो

माठ घेताना आपण टिचकी मारतो. खणखणीत वाजला तर घ्यायचा, बद्द वाजला तर कुठेतरी तडा गेलेला. इटलीत पार्मा, मोदेना या भागात पार्मिजानो रेज्जानो नावाचं चीज असंच वाजवून पारखतात. फरक एवढाच, की माठाच्या जागी 40 किलोच्या आसपासचं चाक असतं आणि त्यात साडेपाचशे लिटर दूध आटलेलं असतं.

किमान 12 महिने फळीवर मुरलं की परीक्षक येतो. हातोडी छोटीशी, पण ती तो चाकाच्या अंगावर सगळीकडे फिरवतो. आवाज एकसारखा आला तर ठीक. मध्येच पोकळ बोलला तर आत भेग किंवा भोक. संशय आला तर मळसूत्री सुई आत घालायची, ती किती अडते ते हाताला कळतं. बाहेर काढून वास घ्यायचा. पास झालं तर सालीवर तापलेला शिक्का. नापास झालं तर सालीवरचं ठिपक्या-ठिपक्यांचं नावच खरवडून काढतात! वर्षभराच्या मेहनतीचा निकाल असा दोन-चार मिनिटांत.

भोकं पाडणारा चोर बहुधा क्लॉस्ट्रिडियम. या जिवाणूचे बीजाणू मुरघासातून दुधात उतरतात आणि काही महिन्यांनी आत वायू करतात. म्हणून या चीजसाठी दूध देणाऱ्या गायींना मुरघास घालायला बंदीच आहे.

आता हे काम क्ष-किरणही करू शकतात. घट्ट गर किरण जास्त अडवतो, हवा कमी. म्हणून पोकळी गडद दिसते. पण साध्या चित्रात सगळे थर एकावर एक पडतात. सीटी स्कॅन अनेक कोनांतून चित्रं घेतं आणि चाक न कापता त्याच्या चकत्या पडद्यावर मांडतं. स्विस संशोधकांनी एमेंटल चीजच्या भोकांचा माग असाच काढला. 2015 मध्ये त्यांनी सांगितलं, की दुधात पडलेल्या वाळल्या गवताच्या बारीक कणांभोवती ती भोकं धरतात. दूध काढणं स्वच्छ झालं आणि भोकं कमी झाली.

मला गंमत वाटते ती इथे. एमेंटलला भोक नसेल तर गिऱ्हाईक नाक मुरडतं, पार्मिजानोला असेल तर शिक्का हुकतो. यंत्राला दोन्हीकडे दिसते ती नुसती हवा. आणि वास? त्यासाठी अजून ती सुईच नाकाशी धरावी लागते.