गल्ल्यावरची मराठी

माझा एक जुना विद्यार्थी बेळगावात हॉटेलांसाठी सॉफ्टवेअर तयार करतो. ऑर्डर घेणे, ती आत पोहोचवणे, बिल छापणे, उधारी मांडणे ही त्याची कामे. "सर, पडद्यावरची चाळीस वाक्ये मराठीत करून द्या," असे तो म्हणाला आणि मी उत्साहाने बसलो. 'किचन ऑर्डर'ची 'पाकगृह आदेशपत्रिका' केली, 'पार्सल'चे 'स्वगृही नेण्याचे पदार्थ' केले. गल्ल्यावर बसलेल्या मालकांनी ते वाचले आणि नम्रपणे विचारले, "सर, हे मराठीत मिळेल का?"

पंचवीस वर्षे शैली शिकवणाऱ्याला एवढा धडा पुरे होता.

व्यवसायात ज्याला 'ब्रँड व्हॉइस' म्हणतात, तो आपल्या परिभाषेत निवेदकाचा आवाज. वस्तू वापरणाऱ्याशी कोणत्या नात्याने बोलते, हे त्यातून ठरते. आवाज एकच राहतो, सूर मात्र प्रसंगाप्रमाणे बदलतो. आम्ही आधी सर्वनाम ठरवले. 'तू' उद्धट वाटले, 'आपण' सरकारी, 'तुम्ही' ठेवले. 'अवैध नोंद' काढून 'टेबल नंबर टाकायचा राहिला' असे लिहिले. या रचनेत कर्ता नाही, म्हणून दोष कोणावरच येत नाही. मराठीची ही सोय मी वर्गात कितीदा शिकवली होती. तिचा उपयोग गल्ल्यावर कळला.

'ऑर्डर रद्द करायची?' या प्रश्नाखाली 'ठीक' आणि 'रद्द' अशी दोन बटणे होती. 'रद्द' म्हणजे ऑर्डर रद्द की रद्द करणे रद्द? आता तिथे 'ऑर्डर काढा' आणि 'ऑर्डर ठेवा' आहे. दुपारच्या गर्दीत माणूस वाक्य वाचत नाही, क्रियापद शोधतो. तेच मजकूर कन्नडमध्येही हवे होते. ते कन्नडच्या सहकाऱ्यांनी स्वतंत्रपणे लिहिले. माझ्या मराठीवरून केलेला अनुवाद त्यांना माझ्या 'पाकगृहा'सारखाच वाटला असता.

दृश्यरचनेचा प्रश्नही अखेर भाषेचाच निघाला. रोमन अक्षरांच्या मापाने ओळी आखल्या की देवनागरीच्या वरच्या मात्रा आणि खालचे उकार कापले जातात. उकार गेला की 'पुरी'ची 'परी' होते. म्हणून ओळींमधले अंतर वाढवले आणि एक टाइपचा 'मुक्त' हा मोफत उपलब्ध असलेला टंक घेतला. पावती छापणाऱ्या अनेक लहान यंत्रांत देवनागरी अक्षरे मुळातच नसतात. तिथे मजकुराचे चित्र करून छापावे लागते. कागद जेमतेम 58 किंवा 80 मिलिमीटर रुंद, म्हणून शब्द आखूड हवेत. उशीर झालेली ऑर्डर लाल दिसते. पण सगळ्यांना लाल-हिरवा फरक दिसत नाही, म्हणून शेजारी 'उशीर' हा शब्दही आहे.

त्या हॉटेलातील आचारी चौथीपर्यंत मराठी शाळेत शिकलेले. इंग्रजी चिठ्ठी आली की ते वेटरला हाक मारून वाचून घेत. आता 'सुकी भाजी 2, पातळ भाजी 1' ते स्वतः वाचतात आणि कढई चढवतात.

भाषा टिकवण्याच्या आपल्या चर्चा बहुधा व्यासपीठावर होतात. माझ्या शिक्षक मित्रांना एक स्वाध्याय सुचवतो. विद्यार्थ्यांना निबंधाबरोबर एका बटणावरचे दोन शब्दही लिहायला सांगा, आणि ते तपासायला आचाऱ्यांकडे द्या.